बॉनेटवरचं कुंकू

चेन्नईतल्या मांबलम स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण जोडपं उभं होतं. मराठी बोलणं कानावर पडलं आणि मी पेपर मिटला.

"पुष्कर, गाडीला पिना बसल्या की नाही?"

"नाही ना. फायबरचं बॉनेट हलकं, एका खटक्यावर राहत नाही. बॉनेटमधून वर काढून कडी घालायला दोन पिना हव्यातच."

"सकाळी माझी कुंकवाची डबी घेऊन गेलास ती त्यालाच ना?"

"हो. पिनांच्या टोकांना ओलं कुंकू लावलं आणि बॉनेट हळूच टेकवलं. आतून दोन ठिपके उमटले. तिथंच भोकं पाडली की पिना बरोबर वर येतात."

"मग?"

"बॉनेट उघडं ठेवून मी ड्रिल आणायला गेलो, तेवढ्यात आई खाली आली. तिला वाटलं, मी नव्या बॉनेटची पूजा केलीय. दोनच ठिपके बरे दिसेनात, म्हणून तिनं पाच केले."

"त्यातले तुझे कुठले?"

"तेच कळत नाही. भोक चुकलं तर बॉनेट वाया."

"मग पुसून पुन्हा लाव."

"आई म्हणते, लावलेलं कुंकू पुसायचं नाही."

"आणि उद्या ओरगडमला कामावर कसा जाणार?"

"तसाच. हळू चालवीन."

"परवाही हळूच चालवत होतास. बॉनेट उघडून काचेवर आलं, समोरचा ट्रक दिसला नाही."

"ते आईला सांगू नकोस हं."

"सांगणार. आणि विचारणारही, आई, कुठलं कुंकू पुसलेलं चालेल? बॉनेटचं की माझं?"