सोवळ्याचं वायफाय

आमच्या काकांचं सोवळं तुमाला माहीतच आहे, पण त्यातून वायफायसुद्धा सुटलं न्हाई. काका पूजा सांगतात. यजमान पुण्याला गेल्यापासून अभिषेक व्हिडिओ कॉलवर चालतो, म्हणून राऊटर घ्यायला आमी दोघं हिंगोलीला गेलो.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ड्युअल बँड घ्या. एका डब्यातून दोन वायफाय निघतात. एक लई फास्ट, पण भिंत आली की दमतं. दुसरं हळू, पण घरभर पोचतं."

काकांनी 'दोन' एवढंच ऐकलं. "म्हणजे वेगवेगळी? एकमेकांना शिवत न्हाईत?"

"बिलकुल न्हाई."

"मग हेच बांधा!"

घरी येऊन काकांनी मला नावं टाकायला लावली. फास्टवाल्याला 'सोवळं', हळूवाल्याला 'ओवळं'. सोवळ्यावर फक्त काकांचा फोन. आमी, पाहुणे, टीव्ही, सगळे ओवळ्यावर.

सोमवारी अभिषेक सुरू झाला. डबा बैठकीत अन् देवघर तीन भिंतींमागं. संकल्पातच यजमानाच्या फोनवर काकांचं तोंड जे उघडं राहिलं, ते मिटेचना. तो तिकडून ओरडून राहिला, "गुरुजी, अडकलात!"

मी म्हणलो, "काका, ओवळं जोडू का? ते पोचतं इथं."

"गप बस!"

संध्याकाळी काकांनी मला बाजूला घेतलं अन् हळूच म्हणाले, "नावांची तेवढी अदलाबदल कर."

आता सोवळं घरभर पोचतं, जरा दमानं. आमी ओवळी माणसं बैठकीत बसून पिक्चर पाहतो. एकदाबी अडकत न्हाई.