अण्णांचा बर्गर

हसू नका, पण आमच्या अण्णांच्या दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर पिंडाला कावळाच शिवंना. चहा ठेवला, जिलेबी ठेवली. शेवटी थोरल्यानं हायवेवरनं बर्गर आनला, अण्णांना त्याची लई हौस. तरी कावळा लिंबावर बसून नुसता बघत हुता.

आई हळूच म्हनली, "शुगर हुती ना. दर टायमाला दुकानात इचारायचे, यात साखर किती? दुकानवाला म्हनायचा, खोक्यावरचा कोड स्कॅन करा. यांचा फोन बटनाचा. न खाताच माघारी यायचे."

मी कोड स्कॅन केला आन् मोठ्यानं वाचलं, "अण्णा, साखर अकरा ग्रॅम. समदी पावातच हाय."

कावळा खाली आला. आतली काकडी तेवढी उचलली. पावाला चोच लावली न्हाई.