तिसऱ्या दाराचा मान

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर कालोजेरो, संत योसेफ मंडळाचे प्रमुख श्री. साव्हेरियो, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि सकाळपासून सणाचे पाव भाजून हात पोळलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मंडळाच्या कामातून आज मला निरोप देताय. फुलं दिलीत, फार गोड बोललात. बोलता बोलता साव्हेरियोंनी हेही सांगून टाकलं, की नुन्झियाताबाईंच्या मागे रक्ताचं कोणी नाही, तेव्हा उद्यापासून तिसऱ्या दाराचा मान क्रोचिफिस्सामावशींच्या घरी परत जाईल. मी आभाराचे दोन शब्द बोलायला उठले होते. आता चार बोलेन. फादर, घड्याळाकडे बघू नका.

मला मूल होत नव्हतं, तेव्हा याच गावाने संत ॲनाची मूर्ती माझ्या उशाशी आणून ठेवली. मारियेची आई ती, तिला साकडं घाल म्हणालात. मी जपमाळ ओढली, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या, अनवाणी डोंगर चढले. काही होईना. मग आपल्याकडे करतात तेच केलं, तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हटलं, पदरात मूल घालशील तेव्हाच तोंड दाखव.

पुढे अनाथाश्रमातून बेनेदेत्ता आली, चार वर्षांची, अंगात एकावर एक दोन फ्रॉक. मूर्तीपाशी थांबून तिने विचारलं, "या आजीने काय केलंय?" मी म्हटलं, तुला आणायला उशीर केला. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि मूर्ती सरळ केली. "आता शिक्षा नको. आले ना मी." कुणाला आई होताना कळा येतात. मी ती डुगडुगती खुर्ची धरून उभी होते.

दुकानात बाया विचारायच्या, हिची खरी आई कोण? मी सांगायचे, तुमच्यासमोर उभी आहे, पावशेर ऑलिव्ह मागतेय.

ती सात वर्षांची असताना सणाच्या चिठ्ठीत मारिया म्हणून तिचं नाव निघालं. योसेफ, मारिया आणि बाळ झालेले तिघं आसरा मागत फिरतात, पहिली दोन दारं नाही म्हणतात, तिसरं उघडतं आणि आत पानं वाढलेली असतात. ही रीत तुम्हाला मी काय सांगायची? तेव्हा तिसरं दार क्रोचिफिस्सामावशींचं होतं. पोरीने ठोठावलं. आतून उत्तर आलं, "कुणाच्या रक्ताची कोण जाणे. माझ्या मेजावर नाही."

योसेफ झालेले तूरीकाका काठी धरून नुसते उभे. साव्हेरियो तिथेच होते, स्वतःचे बूट बघत होते. आणि माझी लेक मागे वळून मला शोधत होती.

मिरवणुकीत आयांनी बोलायचं नसतं. मी बोलले. "ज्याच्या नावाने जेवण घालताय, तो योसेफ तरी पोराचा सख्खा बाप होता का?" तिघांना घेऊन मी माझ्या घरी आले. घरात शिळा पाव आणि वालाची आमटी होती, तीच वाढली. मग एकेक बाई आपलं भांडं घेऊन माझ्याकडे आली. तेव्हापासून तिसरं दार माझं आहे. मला ते कुणी दिलेलं नाही.

पुढे तिचे ताप, तिची रुसणी, "तू माझी आई नाहीस" म्हणून केलेली आदळआपट, सगळं मी संत योसेफाला सांगत आले. पवित्र ग्रंथात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. पण दुसऱ्याचं लेकरू आपलं करायला काय लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

तेव्हा साव्हेरियो, माझ्या मागे कोण, ते बघून घ्या. बेनेदेत्ता, ऊठ गं, लोकांना दिसू दे. उद्या दार ही उघडेल. क्रोचिफिस्सामावशी, तुम्हीही या. तुमचं पान मांडायचं असं तिने ठरवलंय. मी नको म्हणत होते, ती ऐकत नाही.

फुलांबद्दल, प्रेमाबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशी बोलले त्याची माफी मात्र मी पापनिवेदनातही मागितलेली नाही, तुमच्याकडे कशी मागेन?