न बिघडणारा डबा

— तेच सांगतेय ना मी, भाऊ, कुणी म्हणून कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही! पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करतेय की कंपनीच खोटी, माल पोकळ — पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतंय कोण? आमचे हे म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं. कळत नाही? उभा जन्म पडदे आणि उशांचे अभ्रे शिवण्यात गेला माझा. माझं शिलाई मशीन सासूबाईंच्या वेळचं, कंपनीचं नाव होतं तेही घासून पुसून गेलं, पण एक दिवस कधी अडून बसलं नाही. अधूनमधून दोन थेंब तेल, की संपलं. आणि हे तुमचे कॉम्प्युटर! ह्यांना धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, लाइट कमीजास्त झालेली चालत नाही — डबा आणलाय की घरजावई? अहो, जमिनीवर नका ठेवू, वर टेबलावर ठेवा. आणि ते कव्हर ओढू नका असं, नाड्या सोडा आधी. मी शिवलंय ते. हसताय काय? गरम होऊन बंद पडतो म्हणणार ना? त्या बाजूला जाळी लावलीये बघा, वारा जायला — एवढं कळतं मला.

आता विचारताय, ताई, कुठली कंपनी हवी. मी सांगायचं? मग तुम्ही कशाला बसलात काउंटरमागे? मला न बिघडणारा डबा हवाय, घरात एका जागी ठेवायचा, कुठल्याही कंपनीचा असो. पहिला घेतला तो भाऊजींच्या सांगण्यावरून. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ — आमच्याकडे साधा पंखा घ्यायचा झाला तरी ह्या माणसाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. म्हणाले, वहिनी, डोळे मिटून हीच कंपनी घ्या, आमच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर हीच आहे. ऑफिसात! ऑफिसात ते स्वतःही आहेतच की टेबलाला, आणि काम काय करतात ते आम्हाला माहितीये.

वर्षभर बरा चालला, मग एकदा बटण दाबलं तर नुसती कुईकुई, आणि स्क्रीन काळीठिक्कर. कंपनीचा माणूस आला तो आठवडा घालवून. डबा उघडला, आत बोट घातलं, काहीतरी दाबलं — चालू! म्हणे, बाई, मशीन उत्तम आहे, आतली मेमरीची एक पट्टी सैल झाली होती. आमची लेक शेजारी बॅटरी धरून उभी. एरवी तिच्या तोंडातून शब्द फुटायची मारामार, म्हणून तर आम्ही तिला गोगलगाय म्हणतो, लहानपणापासून तेच पडलंय — पण त्या दिवशी काय तो उत्साह! ही पट्टी कसली, ती काढायची कशी, बसवायची कशी. मला आपलं कौतुक. म्हटलं, पोरीला डोकं आहे, बापावर नाही गेली.

आणि महिना झाला नाही तर परत बंद! मग भाऊजी आले, शहाणपणा घेऊन. वहिनी, हा टाका, दुसरा घ्या मोठ्या नावाचा, हा मी नेतो भंगारात. नेला — आणि कुठं नेला? स्वतःच्या घरी! आजही ठणठणीत चालतोय, त्यांची बायको त्यावर पाय पसरून सिनेमे बघते. विचारलं तर म्हणतात, आत एक पट्टीच नव्हती, नवी टाकली. नव्हती म्हणजे? पट्टीला काय पाय फुटले? तुम्ही मान डोलावताय — कळतंय ना, कुणाचा हात आहे ह्यात? मी हे घरात बोलले तर सगळे माझ्याच अंगावर. भाऊजींवर आळ घेतेस म्हणे!

तर हा दुसरा. मोठ्या नावाचा. कालपासून ह्याचीही तीच कुईकुई.

घाई कशाला म्हणजे? घाई आहे म्हणून आलेय, तुमच्याशी गप्पा मारायला नाही. पोर फोटोवाल्याचं काम करते — घरात बसून, माझ्या डोळ्यांसमोर. चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, मागची भिंत निळी करायची, गेलेल्या माणसांना कोट चढवायचे. जिवंतपणी ज्याला धड सदरा नव्हता तो हार घालायच्या वेळी कोटात! ते असो. डबा बंद पडला की तिला फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन बसावं लागतं. तिथं आणखी तीन-चार पोरी आहेत. काय करतात देवाला माहीत, पण ही घरी येते ती गुणगुणत येते. चार घास जास्त जेवते. केस विंचरते न सांगता. मला ते लक्षण काही बरं वाटलं नाही. पोरगा-बिरगा असेल म्हणून मी तिचं कपाट बघितलं, पेटी बघितली, गादी उलटी करून बघितली — दोन खोल्यांचं घर, माझ्या घरात सुई लपत नाही, भाऊ! काही नाही मिळालं. पोर स्वच्छ आहे.

आणि आता त्या फोटोवाल्यानं लांब मोठ्या शहरात नवं दुकान काढलंय, म्हणतो तिला तिकडे पाठवा, राहायची सोय आहे, पोरी पोरीच राहतील. मी म्हटलं, घरात मशीन असताना जायचंय कशाला? ती गप्प. भाऊजी तेवढे बोलले, वहिनी, जाऊ द्या की तिला. मग माझं टाळकं सरकलं. म्हटलं, ठीक आहे — हा डबा बंद पडला तर खुशाल जा, मी आडवी येणार नाही! सगळ्यांसमोर बोलले. मला काय माहीत हा मेला लगेच माझं तोंड काळं करणार? रात्री बंद पडला आणि सकाळी उठून ती म्हणते, आई, आता? तेवढंच. आत्ता गेलीये फोटोवाल्याकडे, संध्याकाळी येईल. ती यायच्या आत हा चालू पाहिजे. नाहीतर असाच दिसणारा दुसरा द्या, पण मजबूत. माझं कव्हर बसलं पाहिजे त्याच्यावर.

उघडला? हं, बोला. — काय? पट्टी नाही? परत पट्टी नाही! बघा! मी काय म्हणत होते? परवाच आले होते भाऊजी, ह्या डब्यासमोरच्याच खुर्चीला चिकटून बसले होते, आणि वर तोंड करून जाऊ द्या की तिला — थांबा. ते काय काढलंत? खाली कोपऱ्यात काय होतं? चिंधी? द्या इकडे. द्या म्हणते ना.

चिंधी नाहीये ही. पिशवी आहे. माझ्याच हिरव्या पडद्यांचं उरलेलं कापड... आणि ही आत काय — हीच का तुमची पट्टी? ओरखडा येऊ नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलंय. अस्तर! भाऊजी लावणार अस्तर? त्या माणसाला शर्टाचं बटण लावायला बायको लागते, आणि त्या बायकोचा टाका म्हणजे उंटाची टांग. आमच्या ह्यांना तर सुईचं भोक दिसत नाही. हा टाका बघा. एक मागे, एक पुढे, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि गाठ? शोधा गाठ. नाही सापडणार. आत दडवलीये. गाठ बाहेर दिसली तर शिवण कसली, असं मीच शिकवलंय. माझ्या पायाशी बसून शिवायची, एवढीशी होती. सुई टोचली तरी आवाज नाही.

सगळं घर उलथंपालथं केलं मी. फक्त हा डबा नाही उघडला.

तोंड नव्हतं तिला? आई, मला जायचंय. झालं! मी काय खाल्लं असतं तिला? ... तुम्ही बोलू नका. तुम्हाला कुणी विचारलंय?

आणि ती पट्टी बसवू नका. हात मागे घ्या! होती तशी ठेवा पिशवीत, पिशवी होती तिथं कोपऱ्यात, आणि झाकण लावा. दुसरा नको, कुठल्याच कंपनीचा नको. संध्याकाळी येईल ती, बटण दाबेल, बंदच दिसायला हवा. कव्हर द्या माझं. नाड्या मी बांधते, तुमच्या हातून गाठ दिसेल. — आणि असे बघू नका माझ्याकडे, कंपनीत काही खोट नव्हती. बिघडवणारी घरातलीच निघाली. तीच ती, तोंडात शब्द नसलेली — गोगलगाय!