मशीनचा एसी

तुम्ही काटकसरीचं सांगून राहिले, तर आमच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरचं ऐका. मी तिथं ऑपरेटर होतो. एका वर्षी ऐन मे महिन्यात वरून हुकूम आला, खर्च कमी करा. फायनान्सचे साहेब स्वतः आले अन् त्यायची नजर पडली आमच्या मोठ्या कॉम्प्युटर मशीनसाठी लावलेल्या एसीवर.

"मशीनले काहून लागते एसी? मी तर कूलरच्या हवेत बसतो."

आमचे प्रमुख देवघरे सर म्हणाले, "साहेब, गरमीत मशीन बंद पडते."

"मग पाडून दाखवा. माझ्यासमोर एसी बंद करा."

केला बंद. सरांनी हळूच दार-खिडक्याही लावून घेतल्या. पण बेईमान मशीन चालतच राहिली. साहेबांनी आधी टाय काढला, मग बूट काढले. अर्ध्या घंट्यात तोंड लालबुंद.

"देवघरे, चालू करा तो एसी."

"पण साहेब, मशीन तर चालून राहिली."

"मशीन मरू द्या हो. मी पडतो आता."

एसी वाचला म्हणून आम्ही खुश. आठ दिवसांनी पुनर्रचनेचा आदेश आला. फायनान्सचं ऑफिस कॉम्प्युटर सेंटरात हलवलं. साहेबांचा टेबल बरोब्बर एसीखाली लागला. जागा पुरेना म्हणून आमचे टेबल व्हरांड्यात निघाले, अन् साहेबांचा जुना कूलर आम्हाले भेटला.

त्या कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकता टाकता देवघरे सर मले म्हणाले, "एसी वाचला गा. काटकसर आपली झाली."