रिकाम्या जागेवरची वाटी

ऋता: मावशी, खरं सांग. तू गॅलरीतल्या त्या टेबलाला हात लावलास?

लतिका: हात कसला, वाटी ठेवली. तुमच्या त्या चिनी आर्टिस्टची, शेनची होती, शेनला परत केली. तू आधी बस बघू, चेहरा बघ कसा झालाय.

ऋता: परत म्हणजे तिच्या हातात द्यायची ना! तू एक्झिबिटवर ठेवलीस! मी शेनची इंटरप्रीटर, तरी ग्लव्ह्ज घातल्याशिवाय मलाही अलाउड नाही.

लतिका: अगं, ती हॉटेलवरून आलीच नव्हती. माझ्याकडे व्हॉलंटियरचा बॅज, गार्डनं सोडलं. बघते तर टेबलभर अशाच निळ्या काठाच्या वाट्या आणि मधे एकीची जागा मोकळी. रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली तेव्हा याच वाटीतून मुळ्याचं लोणचं आणलं होतं ना? म्हटलं, अगंबाई, हिची ओळ माझ्यामुळे अडून राहिली की काय!

ऋता: ओ माय गॉड. आणि त्या वाटीत ते पांढरं काय आहे?

लतिका: साखर.

ऋता: साखर?

लतिका: मग काय रिकामी देऊ? वीस वर्षं अमेरिकेत, या कॅरी गावात राहिले म्हणून एवढी का रीत सोडली? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तुझ्या आईनं शिकवलं नाही?

ऋता: आई झिपलॉकमध्ये देते.

लतिका: तरीच.

ऋता: मावशी, ऐक. शेन लहानपणी ज्या गल्लीत राहायची, तिथे एकशे बारा घरं होती. रस्ता मोठा करायला सगळी पाडली. शेननं दहा वर्षं एकेक शेजारी शोधून काढला आणि प्रत्येकाकडून एक वाटी मागितली. एकशे अकरा मिळाल्या. शेजारच्या घरातली बाई, जिनं तिला सांभाळलं, ती सापडलीच नाही. ती जागा तिची आहे. कळलं? ती जागा म्हणजेच आर्ट आहे.

लतिका: अगं बाई. आणि तिथे मी माझी साखर नेऊन ठेवली.

ऋता: हो!

लतिका: पण बाहेर पाटीवर तर लिहिलंय, ‘भरलेलं टेबल, नव्या युगाची समृद्धी’. मी तेव्हाच म्हटलं, एका वाटीत कण नाही आणि भरलेलं कसलं?

ऋता: ते शेननं नाही लिहिलं. शो पाठवणाऱ्या संस्थेनं लिहिलंय. त्यांना आपल्या देशाची इमेज छान दिसायला हवी. पेंटिंग्ज पाठवायची, नाचणारे पाठवायचे, म्हणजे अमेरिकन लोक म्हणतात, वाव, चायना!

लतिका: त्यात काय, आपण टाउन डेला लेझीम घेऊन जातो तेव्हा मंडळातली भांडणं स्टेजवर नेतो का?

ऋता: हो, पण त्यांचे मिस्टर गाओ आलेत ना, ते काल डायरेक्टरला म्हणाले, तो गॅप भरा, नाहीतर टेबल शोमधून काढा. शेन म्हणाली, काढा. मी मधे पडले. तिला प्रॉमिस केलं की त्या जागेवर कुणी काही ठेवणार नाही. गाओ दोन वाजता फायनल सांगायला येणार होते.

लतिका: आत्ता किती वाजले?

ऋता: दोन वाजून पाच मिनिटं. आणि ते आत आहेत. टेबलाचे फोटो काढतायत. खूश आहेत!

लतिका: आणि शेन?

ऋता: लॉबीत. आत्ता आली. मावशी, ती मला कधीच माफ नाही करणार.

लतिका: तुला कशाला? चल. मी ठेवली, मी सांगते.

ऋता: तुला चायनीज येतं?

लतिका: रविवारी कुठे येत होतं? चार पोळ्या खाल्ल्या तिनं.

(तासाभरानं, म्युझियमच्या पार्किंगमध्ये. लतिकाचा नवरा सत्यजित न्यायला आला आहे.)

सत्यजित: काय मग, किती देशांशी संबंध बिघडवलेस आज?

लतिका: तुम्ही गाडी सुरू करू नका, आधी ऐका. ऋता, सांग गं काकांना.

ऋता: काका, मावशी शेनला घेऊन सरळ आत टेबलापाशी गेली. तिच्यासमोर हात जोडले आणि म्हणाली, सॉरी, माय मिस्टेक, बट एम्प्टी नॉट गुड.

सत्यजित: वा! झालं परराष्ट्र धोरण.

लतिका: शेननं वाकून साखरेला बोट लावलं, चाटलं आणि रडायलाच लागली हो. मग ऋताला काहीतरी म्हणाली.

ऋता: म्हणाली, ती शेजारची आजीपण असंच करायची. हिच्या आईची वाटी कधी रिकामी नाही यायची. कधी शेंगदाणे, कधी नुसता भात.

सत्यजित: बघा, आणि आपल्याला वाटतं आपलंच सगळं स्पेशल.

ऋता: मग तिनं वाटी उचलली. गाओ म्हणाले, नको, असू द्या, आता कम्प्लीट दिसतंय. तर शेन शांतपणे म्हणाली, ही शेजारीण हजर आहे. हजर माणसाची वाटी इथे नाही ठेवायची.

सत्यजित: म्हणजे जागा पुन्हा मोकळी. मग? साहेब चिडले असतील.

लतिका: मला वाटलं, आता गुंडाळतात टेबल. म्हणून मी वाटी त्यांच्याच पुढे धरली. मीठ नाही, साखर आहे, घ्या म्हटलं.

सत्यजित: चिनी माणसाला चिनी. अगं, हिंदीत साखरेला तेच म्हणतात.

लतिका: पुरे हो. घेतली त्यांनी. चिमूटभर. आणि तोंडात टाकून बराच वेळ त्या जागेकडे बघत उभे राहिले. बिचारे.

ऋता: मग डायरेक्टरला म्हणाले, टेबल आहे तसं राहू दे. बस, एवढंच. पाटी नाही बदलली, पण टेबल राहिलं काका! मी रडले थोडी. मस्कारा गेला.

लतिका: थोडी कसली, माझा पदर भिजवलास.

सत्यजित: आणि ही वाटी तुझ्या मांडीवर कशी? परत करायला नेली होतीस ना?

लतिका: शेननं साखर काढून घेतली आणि वाटी मलाच दिली. म्हणाली, पुन्हा येईन तेव्हा भरून दे.

सत्यजित: रिकामीच दिली म्हणजे. तिला तरी कुठे रीत आहे?

ऋता: रिकामी नाही काका. गाओंनी निघताना त्यात काहीतरी टाकलं.

सत्यजित: व्हिजिटिंग कार्ड? शेवटी साहेबच तो. जाहिरात सोडायचा नाही.

लतिका: मलाही तसंच वाटलं. ऋता, मागे पेनानं काय लिहिलंय ते सांग.

ऋता: शेननं वाचून दाखवलं. घर नंबर आणि गल्लीचं नाव. गाओ लहानपणी राहायचे तिथलं.

सत्यजित: अरे. मग कधी चीनला गेलो तर जाऊ की तिकडे.

ऋता: आता तिथे मॉल आहे, काका.

लतिका: चला, गाडी काढा. हळू चालवा, वाटी हातात आहे.