मोटर गुरगुरते हाय

बोईसरच्या भंगाराच्या दुकानात जुनी पुस्तकं चाळता चाळता मोरेश्वररावांचे कान शेजारच्या कोळी जोडप्याकडे लागले. दोघं एका झिजलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर वाकली होती. मालक वायर जोडून देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

“चकती फिरत नाय, हंसा. मोटर गेली. चल.”

“मग माझ्या बाबांच्या रेकार्डी पेटीतच कुजणार? गावातल्या सगळ्या हळदींना वाजवायचे ते.”

“पण मेलेलं घेऊन करू काय?”

“अवो, कान लावा. मोटर गुरगुरते हाय. आतला रबरी पट्टाच तुटलाय.”

“तसला पट्टा आता कुठं मिळणार?”

“थांबा, सुक्या बोंबलांच्या पिशवीचा रबर बसवते.”

“अगं, फिरली! हंसा, फिरली!”

“हळू! भंगारवाला बघतो हाय. तोंड पाडा जरा.”